वडाच्या जागचा खांब

शहाड, २ मे २०२५

कलावती वहिनीस,

रतनचा नमस्कार. आईच्या पाया पडतो. दादाला पण सांग, तो आधी शिवी देईल आणि मग विचारेल काय लिहिलंय.

पहिली बातमी, डोंबिवलीचं हॉटेल सोडलं. तू म्हणशील, परत सोडलं. सोडलं. एका जागी उभं राहून चटण्या वाटायचा कंटाळा आलेला. मध्ये थोडे दिवस एका बिल्डिंगवर वॉचमन होतो, तिथे तर बसूनच राहायचं, ते त्याहून बेकार. आता शहाडला आहे. स्टेशनवरून नदीकडे जाताना लाइटच्या सामानाचं गोडाऊन आहे, तिथे. लोखंडी खांब, तारेचे ड्रम, खोकीच्या खोकी. ट्रक आला की उतरवायचं, ट्रक लागला की चढवायचं. मधल्या वेळात कागद घेऊन ठाण्याला नौपाड्यात ऑफिसला जायचं. हे मला जमतं, पाय चालते राहतात.

आता खरी गोष्ट. ऑफिसला समीक्षा मॅडम आहे, कॉम्प्युटरवर असते. तिला बोलता बोलता बोललो, आमच्या वाडीत लाइट नाही. तिने आपल्या सावरवाडीचं नाव टाकलं, तर हिरव्या रंगात आलं. वीज पोहोचली, अकरा वर्षांपूर्वी. मी म्हटलं, मॅडम, हा कॉम्प्युटर घेऊन चला आमच्याकडे, त्याला पण अंधारात एक ठेच लागू दे. ती हसली. मागे विनीत साहेब उभे होते, तो माझ्याएवढाच असेल, पण बूट चांगले आहेत म्हणून साहेब. तो म्हणाला, वरून कोणीतरी तक्रार केली आहे, अशा ठिकाणी आता जूनअखेर खरोखर लाइट द्यायची आहे, आणि काम आपल्याच शेठकडे आहे. म्हणाला, तू तिथलाच ना, मग आम्ही कशाला डोंगर चढायचा. घरी विचार, खांब उभे आहेत का, तारा आहेत का.

वहिनी, साहेबाने मला काम सांगितलं. सहावीत सोडलेल्या माणसाला. म्हणून तुला सांगतो, एकदा वाडीभर फिर आणि बघून लिही. फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडे रेंज नाही आणि दादाचा फोन विहिरीत पडला तो पडलाच. पत्र पोस्टमनकडे दे, त्याला मंगळवार-शुक्रवार तेवढंच चढणं होतं, बिचाऱ्याला काहीतरी ओझं पाहिजे.

तुझा,
रतन


सावरवाडी, ११ मे

रतन भावजी यांस,

पत्र मिळालं. सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्या रडल्या, दुसऱ्यांदा म्हणाल्या, हा मेला नोकऱ्या सोडायचा पगार घेतो काय.

तुम्ही सांगितलं म्हणून फिरून आले. खांब सगळे उभे आहेत. शाळेकडचा जरा वाकला आहे, पण उभा आहे. तारा आहेत. आता बाकीचं लिहिते, ते साहेबाला सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. खांबाला जो तारेचा तिरका ताण आहे त्यावर आम्ही सगळ्याच जणी कपडे वाळत घालतो. गोविंदांच्या दारच्या खांबावर कारलीचा वेल चढला आहे तो पार तारेपर्यंत, कारली मोप लागतात पण काढायची कशी हा प्रश्न. वरती पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या होत्या त्या पोरांनी गलोलीने फोडल्या. एक अख्खी खाली पडली, तिच्यात सासूबाई मिशेरी ठेवतात. आणि खांबापासून जमिनीत गेलेली जाड तार होती ती तुमच्या दादांनी उपसून शेळ्यांच्या वाड्याच्या दाराला लावली. त्यांचं बघून सगळ्यांनी उपसली. दंड लावतील तर हे सांगू नका.

आणि वडाचा खांब. तुम्ही तेव्हा लहान होतात, पण वड आठवत असेल. तारेला फांद्या लागतील म्हणून त्या लोकांनी तोडला, आणि बुंध्याला लागूनच खांब पुरला. सबंध वाडीत तेवढाच वड. पहिल्या वर्षी वटपौर्णिमेला बायका बुंध्यापाशी रडतच उभ्या होत्या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "याच्यापायी माझा वड गेला ना, मग आता यानंच वडाचं काम करायचं." त्यांनी पहिलं सूत गुंडाळलं. तेव्हापासून आम्ही त्या खांबालाच पाणी घालतो, हळदकुंकू लावतो आणि फेऱ्या घालतो. दर वर्षीचं सूत वर वर चढून खांबाला हातभर उंचीचा जाड पट्टा झाला आहे. यंदा चित्रा आहे, शेजारची नवी सून, तिची पहिली वटपौर्णिमा. ती आत्तापासून नव्या लुगड्याचं बोलते.

लाइट येणार हे मी वाडीत बोलले नाही. मागे दोनदा येणार म्हणून सांगितलेलं, सासूबाईंनी खांबाला ओवाळलं, पेढे वाटले, आणि काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आता इथे एखाद्याने उधारी कधी देणार विचारलं की लोक म्हणतात, लाइट आल्यावर.

तब्येतीला जपा. हॉटेलात होतात तेव्हा निदान जेवत होतात.

कलावती


शहाड, १८ मे

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग हसू बंद झालं, ते सांगतो.

इथे अवेळी पाऊस पडला. गोडाऊनच्या पुढे रस्त्यावर पाणी साचलं, गुडघ्याच्या खाली. तबेल्याच्या म्हशी नेहमी तिथून जातात. रस्त्याच्या कडेला दिव्याचा खांब आहे. एक म्हैस त्याच्या बाजूने गेली आणि खाली बसली. बस, एवढंच. ओरडली नाही, उडी नाही, काही नाही. आम्हाला वाटलं बसली. तिच्या मागची थांबली आणि पुढे जाईना. म्हैसवाला धावला, तर पानवाल्याने त्याला पाठीमागून कवेत धरला आणि सोडलाच नाही. तो शिव्या देतोय, हात चावतोय, आणि पानवाला बोलतोय, "अरे पाण्यात करंट आहे, भाई, पाण्यात करंट आहे." म्हैस डोळे उघडे ठेवून तशीच बसलेली.

नंतर लाइटवाले आले. खांबाची जमिनीत जाणारी तार तुटलेली. ती असली की खांबात उतरलेला करंट जमिनीत निघून जातो. नसली की तो खांबातच वाट बघत बसतो. आणि त्या पांढऱ्या वाट्या, वहिनी, आमच्याकडे खोकी भरून येतात, मी रोज उचलतो आणि कधी विचारलं नव्हतं कशाला असतात. तारेने लोखंडाला शिवू नये म्हणून असतात. आपल्याकडची एक आईच्या मिशेरीला आहे.

मी दुसऱ्याच दिवशी नौपाड्याला गेलो. म्हटलं, साहेब, आमच्या खांबांना अर्थिंग नाही, वाट्या फुटल्यात.

"खांब उभे आहेत ना? तारा आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं." त्याने तेवढंच लिहिलं.

मी म्हटलं, साहेब, वटपौर्णिमेला बायका एका खांबाला सूत गुंडाळतात, पाणी घालतात. तेव्हा त्याने मोबाइलमधून डोकं काढलं. "खांबाला? कशाला?"

"वड तोडला म्हणून."

"अरे मग एक झाड लावायचं ना," असं बोलून तो हसला. समीक्षा मॅडम हसली नाही. तिने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, दहा जूनला आहे. मग साहेब जरा सरळ बसला. म्हणाला, काळजी करू नको, आधी माणूस पाठवून वाट्या आणि अर्थिंग करू, मगच लाइट सोडू. जूनच्या शेवटी.

तेव्हा घाई नाही. पण दादाला सांग, ती तार परत जमिनीत घाल. आणि यंदा त्या खांबाकडे जाऊ नका.

रतन


सावरवाडी, २७ मे

रतन भावजी,

म्हशीचं मी कोणाला सांगितलं नाही. मलाच दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुमच्या दादांना तारेचं सांगितलं. ते म्हणाले, "अकरा वर्षं त्या खांबाला शेळी बांधतोय, शेळीला काय झालं? रतन्याला म्हणावं, तिकडे तारा मोज." मी म्हटलं, अहो तो शिकतोय काहीतरी. तर म्हणाले, "शाळेत शिकला असता तर मास्तरची काठी वाचली असती." दार अजून तारेनेच बांधलेलं आहे.

सासूबाईंना सांगितलं की खांबाकडे नको. त्यांनी विचारलं, मग कुठे? खालच्या गावात वड आहे, पण तिथे त्यांच्या बायका आधी करतात आणि आपल्या सूत घालायला उन्हात ताटकळत राहतात, ते सासूबाईंना मरेपर्यंत जमायचं नाही. तुमचा साहेब म्हणतो झाड लावा. लावलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा शेळ्यांनी खाल्लं. वड होईतो माणसं जगली पाहिजेत, असं चित्रा हसत हसत म्हणाली, सासूबाईंनी तिला चांगलं झापलं, सणाच्या तोंडावर असलं बोलते म्हणून.

एक सांगायचं राहिलं. शेळ्या घेऊन कड्यापर्यंत गेले होते तेव्हा खाली डीपीपाशी, जिथून आपल्या तारा वर येतात तिथे, मोटारसायकल उभी दिसली. दोन माणसं. एक वर चढलेला. मी खाली उतरेपर्यंत ते गेले होते. खालच्या गावातल्या विठ्ठलशेठना दुकानात विचारलं, ते म्हणाले खालच्या गावाचं काही असेल, त्यांचे फ्यूज सारखे उडतात.

तसंच असेल. पण तुम्ही विचारा.

कलावती


शहाड, २ जून

वहिनी,

हे पत्र नीट वाच. आणि दादाला वाचून दाखव, त्याने शिव्या दिल्या तरी थांबू नको.

आज बिलं घेऊन नौपाड्याला गेलेलो. समीक्षा मॅडमने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, तुझी वाडी यादीत पाच तारखेला टाकली आहे, लाइट सोडायची म्हणून. सहाला मोठे साहेब बघायला येणार आहेत, ते वर चढणार नाहीत, खालच्या डीपीवर करंट दाखवला की झालं. मी विचारलं, वाट्या बसवल्या का, अर्थिंग केलं का. ती म्हणाली, "तसं काही बिल तर आलेलं नाही."

मी विनीत साहेबाकडे गेलो. जोरात बोललो, सगळं ऑफिस बघायला लागलं. तो म्हणाला, अरे ते फक्त कागदावर आहे.

आता तूच सांग, वहिनी. अकरा वर्षं कागदावर लाइट होती आणि खरी नव्हती. आता हा बोलतो परत कागदावरच आहे. मी काय धरू?

मी धरतो की आहे. तुम्ही पण धरा. पाच तारखेपासून खांबाला हात नाही, ताणाला हात नाही, कपडे काढून घ्या, शेळ्या लांब बांधा. हात लावून बघू या म्हणून कोणी बघू नका, दादाने तर मुळीच नाही.

आणि मला रात्रभर एकच गोष्ट खाते. करंट सोडणार खालच्या डीपीवर. तुमच्या घरांत मीटर लावलेले आहेत, पण वायरी उंदरांनी कधीच खाल्ल्या. एका घरात बल्ब नाही. लाइट येईल आणि वाडीत काहीच पेटणार नाही. आली हे कोणाला दिसणार नाही.

मी विठ्ठलशेठच्या दुकानात फोन लावला. तिथे गिऱ्हाईक होतं, मोठ्याने बोलत होते. मी सांगितलं, सावरवाडीत लाइट येतेय, खांबापासून लांब राहा, वर निरोप द्या. ते म्हणाले, "वा वा, देतो देतो, तोंड गोड करा." किती ऐकलं काय माहीत.

रतन


शहाड, ६ जून

वहिनी,

माझं दोन तारखेचं पत्र मिळालं असेल आणि तू जेवण सोडून बसली असशील. आता जेव.

काल मी बॅग भरली. गोडाऊनला सांगितलं, गावाला जातो, पगार कापा. आज संध्याकाळी विनीत साहेब स्वतः शहाडला आला, मोटारसायकलवर. चिडलेला नव्हता. मला चहा पाजला. म्हणाला, तुझं बोलणं मनाला लागलं, माझी पण आई वडाला जाते. मोबाइलवर फोटो दाखवला. डीपी, उघडा, आणि फ्यूज काढून खाली पेटीवर ठेवलेले. म्हणाला, "हा बघ तुझ्या सावरवाडीचा. मोठे साहेब येऊन गेले की काढून ठेवायला सांगितले होते. पंचवीस तारखेपर्यंत कोणी हात लावणार नाही. आधी वाट्या, मग लाइट. खूश?"

मी फोटो मोठा करून बघितला. खरंच फ्यूज काढलेले. मागे एक माड पण दिसतो, डीपीच्या अंगावर वाकलेला. साफ दिसत होतं सगळं.

मला जरा लाज वाटली, वहिनी. मी त्याला सगळ्यांसमोर काय काय बोललेलो. तो म्हणाला, जाऊ दे, मोखाड्याकडे वादळात खांब आडवे झालेत, ट्रकबरोबर जाशील का, आठवडाभर. मी हो बोललो. तिकडे तर आपल्यापेक्षा वाईट अंधार आहे म्हणतात.

तेव्हा लाइन बंद आहे. मी डोळ्यांनी बघितलं. वटपौर्णिमा करा. पण पुढच्या वर्षी नको, पुढच्या वर्षी खरी लाइट असेल आणि मी येऊन पहिला बल्ब लावीन. दादाला म्हणावं, शेळी दुसरीकडे बांधायची सवय लाव.

रतन


सावरवाडी, १० जून, वटपौर्णिमा, संध्याकाळ

रतन भावजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पण मिळाली तशी लिहिते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मी काय करून बसले.

दोन तारखेचं शुक्रवारी आलं. सगळ्यांना वाचून दाखवलं. पण त्याच्या आधीच विठ्ठलशेठचा निरोप आला होता. तो निरोप असा आला, की रतनने सांगितलंय, लाइट येतेय, तोंड गोड करा. बाकीचं शेठ विसरले की त्यांना ऐकूच आलं नाही, देव जाणे. सासूबाईंनी ठरवलं, यंदा खांबाला नारळ आणि वाटीभर दूध. मी पत्रातलं सांगितलं तर म्हणाल्या, "एक रतन म्हणतो गोड करा, एक म्हणतो हात लावू नका. माझे रतन दोन कधी झाले?" तुमच्या दादांनी हसून घेतलं. मी आमचे कपडे तेवढे ताणावरून काढले. बाकीच्यांनी काढले नाहीत आणि काही झालं नाही, चार दिवस उघडीप होती, सगळं कोरडं. मग माझंच हसं झालं.

फक्त गोविंदांच्या कारलीची वरची पानं, तारेपाशीची, काळी पडली. आणि काल खांबाखाली कावळा मेलेला होता. गोविंद म्हणाले, साप चावला असेल. कावळ्याला.

काल चित्राने मला तिची पूजेची थाळी दाखवली. पहिलं सूत यंदा तिचं, नवी सून म्हणून. अनवाणी उभी राहून आधी तांब्याभर पाणी घालायचं, मग खांबाला हात टेकवून नमस्कार, मग सूत. मी रात्री डोळा लावला नाही.

आता लाज सोडून लिहिते, तुम्ही दीर आहात पण धाकट्या भावासारखे. सकाळी बायका यायच्या आधी मी जाऊन वडाच्या बुंध्यावर बसले. खांबाला अंग न लावता. सगळ्या थाळ्या घेऊन आल्या तेव्हा सांगितलं, मी बाहेरची झाले आहे, कावळा शिवला आहे. मी इथे बसले, आता हे विटाळलं.

खोटं बोलले. अजून आठ दिवस होते.

सासूबाईंच्या हातातून नारळ पडला. मग एकदमच सगळ्या बोलायला लागल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "कुंकू सगळ्यांचं आहे ग. तुझं एकटीचं नव्हतं." चित्रा रडली, तिची थाळी तशीच परत गेली. शेवटी गोविंदांच्या मुलाला खाली पिटाळून वडाची फांदी आणवली, ती अंगणात रोवली आणि तिला सूत गुंडाळलं. मी लांबून बघत होते. सगळ्या जिवंत घरी गेल्या. मला तेवढंच पाहिजे होतं.

आणि दुपारी पोस्टमन तुमचं सहा तारखेचं घेऊन आला. फ्यूज काढलेले आहेत. लाइन बंद आहे.

मला ते वाचून आधी सुटल्यासारखं झालं आणि मग कुठे तोंड लपवू असं झालं. म्हणजे काही नव्हतंच. मी सगळ्या वाडीचा सण नासवला तो कशासाठी. डीपीमागे माड कुठला ते मला आठवेना, पण मी त्या डीपीकडे कधी धड बघितलेलंही नाही, आणि तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पानं उन्हानेच करपली असतील.

तुमच्या दादांना पत्र दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता तरी झोप." सासूबाईंनी मात्र सांगितलं आहे की जिच्यामुळे जागा बाटली तिच्या नवऱ्याने ती धुवायची. उद्या पहाटे नदीवरून दोन घागरी आणायच्या, त्यात गोमूत्र घालायचं, आणि खांब वरपासून खालपर्यंत धुऊन जुनं सूत हाताने सोडवून घ्यायचं. अनवाणी, ओल्या अंगाने. तुमच्या दादांनी हो म्हटलं. काल असतं तर मी त्यांच्या पायांना मिठी मारली असती. आज कुठल्या तोंडाने अडवू? तुमचं पत्रच त्यांच्या खिशात आहे.

बाहेर आभाळ भरून आलं आहे. चित्राचा नवरा पहाटेच पोलादपूरला जाणार आहे, त्याच्याकडे हे देते.

तुम्ही मोखाड्याला जपून राहा.

कलावती


१५ जून, गावाच्या गाडीत

वहिनी,

हे पत्र पेटीत टाकत नाही. सोबत आणतोय. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही, पाय हलतायत, आणि इथे उठून कुठे जाता येत नाही.

मोखाड्याला माझा फोन भिजून बंद पडला तो बंदच. काल शहाडला आलो. तुझं पत्र माझ्या खाटेवर ठेवलेलं होतं. मी ते उभ्यानेच वाचलं, आणि माडापाशी थांबलो. मी फोटोत तो माड बघितला होता, वहिनी, आणि मला कळलं नाही. आपल्या डोंगरावर माड कुठे लागतो? खालच्या गावात एक तरी माड आहे का? मी तुला लिहिलं साफ दिसत होतं सगळं.

समीक्षा मॅडमला दुसऱ्याच्या फोनवरून फोन केला. तिने फोटोत काय काय होतं ते विचारून घेतलं. मग म्हणाली, तो फोटो दुसऱ्या कुठल्या गावचा असणार. सावरवाडी पाच तारखेपासून चालू आहे, बंद झालेलीच नाही. म्हणाली, "मला वाटलं तुला सांगितलंय." विनीत साहेब फोन घेत नाही.

मग माझं कार्ड त्या फोनमध्ये घातलं. मेसेज यायला लागले. विठ्ठलशेठच्या दुकानातून फोन आलेला, फोन आलेला, फोन आलेला, एकाखाली एक. पहिला अकरा तारखेचा, सकाळचा.

मी लावला. शेठ नेहमी किती बोलतात, तुला माहीत आहे. पाऊस कसा, मुंबईला भाव काय. काल मागे कोणाचा आवाज नव्हता. म्हणाले, "रतन, तुमच्या वाडीत लाइट आलेली आहे. घरी ये."

मी विचारलं, दादा कुठाय.

"तू घरी ये," एवढंच, आणि ठेवला.

तेव्हापासून मी स्वतःला सांगतोय की शेठला गोड बातमी नीट सांगताच येत नाही. मागच्या वेळी पण त्यांनी उलटाच निरोप दिला होता. पहाटे पाऊस लागला असेल आणि दादा झोपून राहिला असेल, त्याला पहाटे उठायचा कंटाळाच आहे. आईने दुसऱ्याला पाठवलं असेल. नाही, दुसऱ्याला पण नको. तू घागर लपवली असशील. काहीतरी कारण काढलं असशील, तू एकदा काढलंस ना.

माझ्या मांडीवर पिशवी आहे. तिच्यात त्या पांढऱ्या वाट्या आहेत, न विचारता उचलून आणल्या, आणि कागदात गुंडाळलेला एक बल्ब.

वाडीत पहिला बल्ब हाच आहे. तो अजून माझ्याच मांडीवर आहे. मग लाइट आली, हे त्यांना कळलं कशावरून?

रतन